मुलांची खोली सजवायचीय, पण बजेट कमी आहे? मग स्टिकरच्या आधी छताकडे बघा

मे महिना संपत आला की अनेक घरांत एक विषय निघतो. जूनच्या मध्यात शाळा सुरू होणार, पोरगं आता मोठं झालंय, त्याला स्वतःची एक खोली करून द्यायची. मग मोबाईलवर रील्स बघितल्या जातात. फिक्या गुलाबी भिंती, ढगांचे स्टिकर, माळेसारखे लाइट, गाडीच्या आकाराचा पलंग. खर्चाचा अंदाज काढला की विषय पुढच्या वर्षावर जातो.

पण या रील्समधली खोली एसीची असते. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि कितीतरी घरांत मुलांच्या वाट्याला येते ती वरची, पत्र्याची किंवा थेट स्लॅबखालची खोली. भिंतीवर कितीही सुंदर ढग काढले तरी दुपारी दोन वाजता त्या खोलीत मूल थांबणारच नसेल, तर खर्च वाया गेला.

म्हणूनच कमी बजेटमध्ये खोली करायची असेल, तर पैसे कशावर आधी आणि कशावर शेवटी घालायचे, हा क्रम सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. तो क्रम कसा असावा, तेच समजून घेऊ.

१. सुरुवात छतापासून

मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं उन्हाळ्यात थंड का राहायची? जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर. ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. माळवदं गेली, पत्रे आणि स्लॅब आले. पत्रा ऊन पडल्या पडल्या तापतो. स्लॅब हळू तापतो, पण दिवसभराची उष्णता रात्रभर खाली सोडत राहतो. झोपताना पंखा गरम हवा फेकतो तो यामुळेच.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे छताची वरची बाजू पांढरी करणं. पांढरा रंग ऊन परतवतो. हा नुसता घरगुती तोडगा नाही. अहमदाबाद महापालिकेने २०१७ मध्ये गरीब वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. अशा छतामुळे घरातलं तापमान २ ते ५ अंशांनी कमी होऊ शकतं, असं तिथे सांगितलं जातं. २०२३ मध्ये तेलंगणाने तर यासाठी राज्याचं स्वतंत्र धोरणच आणलं.

स्लॅबवर चुना चालतो. चुनकळी विरवताना पाणी उकळल्यासारखं तापतं, त्यामुळे हे काम मुलांना दूर ठेवून आणि डोळे सांभाळून करायचं. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा एक हात मारावा लागतो. पत्र्यावर चुना टिकत नाही, पोपडे निघतात. तिथे पत्र्यासाठी मिळणारा पांढरा, ऊन परतवणारा रंग घ्यावा.

एक गोष्ट मात्र टाळायला हवी. पत्र्याखाली थर्माकोलच्या शीट लावल्या की गारवा वाटतो, पण थर्माकोल लगेच पेट घेतो. त्याच्याजवळून वायर गेली असेल आणि खाली मुलं झोपत असतील, तर हा धोका पत्करण्यासारखा नाही.

२. भिंतीचा रंग: नवा नव्हे, जुना तपासा

रंगात शिसं असू शकतं, हे अनेकांना माहीत नसतं. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये आणि तसं डब्यावर लिहिलेलं असायला हवं. त्यामुळे नवा रंग घेताना डब्यावरची ती ओळ वाचायची. सुटा, लेबल नसलेला रंग मुलांच्या खोलीसाठी घ्यायचा नाही.

खरी अडचण जुन्या रंगाची आहे. दारं, खिडक्या, लोखंडी पलंग यांवरचा वीस-तीस वर्षांपूर्वीचा ऑइल पेंट, विशेषतः पिवळा, केशरी, लाल आणि हिरवा. रंगकाम करताना तो कोरडाच पॉलिश पेपरने घासला जातो. त्याची धूळ खोलीभर बसते, मुलांच्या हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण माहीत नाही. लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या तुलनेत चार-पाच पट जास्त शिसं शोषून घेऊ शकतं आणि त्याचा परिणाम थेट मेंदूच्या वाढीवर होतो.

मग करायचं काय? जुना रंग घट्ट असेल तर तो न घासता त्यावरूनच नवा हात मारायचा. पोपडे निघत असतील तर आधी पाणी मारून, ओल्यानेच खरवडायचं. काम होईपर्यंत मुलांना दुसरीकडे ठेवायचं. झाल्यावर झाडू न मारता फरशी ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसायची.

३. रंग किती लागेल, याचं गणित

रंगकामात पैसे वाया जातात ते अंदाजाने आणलेल्या डब्यांमुळे. १० बाय १० ची खोली आणि १० फूट उंची धरली, तर चार भिंतींचे ४०० चौरस फूट होतात. दार आणि खिडकीचे साधारण ३५ वजा केले की उरले ३६५. समजा, डब्यावर दोन हातांसाठी लिटरला १०० चौरस फूट लिहिलंय. म्हणजे चार लिटर पुरतो.

तेवढंही बजेट नसेल तर तीन भिंती पांढऱ्या ठेवून एकाच भिंतीला मुलाच्या आवडीचा रंग द्या. एका भिंतीला लिटरभर रंग लागतो आणि खोलीचं रूप तेवढ्यानेही बदलतं. पश्चिमेच्या भिंतीला गडद रंग बाहेरून देऊ नका, दुपारचं ऊन तीच भिंत खाते.

४. कूलर आणि वायरिंग

मार्च लागला की घरोघरी कूलर बाहेर निघतो. लोखंडी बॉडी, आत पाणी आणि शेजारी खेळणारं मूल. कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. म्हणून सजावटीच्या लाइटची माळ घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवून खोलीचं अर्थिंग तपासून घ्यावं. कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा. वीज गळती झाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच बसवता आला तर सगळ्या घरालाच उपयोगी पडतो. पाणी भरताना प्लग काढायचा, ही सवय मुलांसकट सगळ्यांना लावायची.

लोखंडी कपाटाचंही तसंच. ओढून खाली येणारं कपाट लहान मुलासाठी जीवघेणं ठरू शकतं. दोन क्लॅम्प लावून ते भिंतीला बांधून टाकायचं.

५. आता सजावट, तीही मुलाच्या उंचीवर

इथून पुढचं काम जवळपास फुकटात होतं. १९०७ मध्ये मारिया माँटेसरींनी रोममधल्या कामगार वस्तीत बालगृह सुरू केलं. त्यातली एक साधी गोष्ट जगभर गेली: टेबल, खुर्ची, फळ्या मुलाच्या मापाच्या हव्यात, म्हणजे ते स्वतःच्या हाताने वस्तू घेईल आणि परत ठेवेल.

ही कल्पना महाराष्ट्राच्या खेड्यांत आणली ताराबाई मोडक यांनी. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांच्या साथीने हे काम कोसबाडला गेलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग खडे, शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. जे आजूबाजूला मिळतं त्यातून मुलांची जागा उभी राहू शकते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं.

जुन्या मातीच्या घरांतल्या कोनाड्यात हेच होतं. हात पोहोचेल अशी वस्तू ठेवायची जागा. आज कोनाडा नसला तरी जुन्या फळीचं एक रॅक मुलाच्या छातीच्या उंचीवर बसवता येतं. दप्तराला खालची खुंटी, चित्रं चिकटवायला सुतळी आणि कपड्यांचे चिमटे, आईच्या जुन्या सुती साडीचा पडदा, आजीच्या हातची गोधडी. अभ्यासाचं टेबल खिडकीजवळ असं ठेवा की उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला उजेड डावीकडून येईल, डावखुऱ्याला उजवीकडून. वहीवर हाताची सावली पडत नाही.

स्वतंत्र खोलीच नसेल तर?

तरीही हा क्रम तोच राहतो. हॉलचा एक कोपरा, एक फळी, एक खुंटी आणि ‘हे तुझं’ असं सांगितलेली जागा पुरते. दोन भावंडं असतील तर प्रत्येकाची फळी वेगळी ठेवा, भांडणं कमी होतील.

समजा हातात पाच हजार रुपये आहेत. आधी छत, मग वायरिंग, मग भिंत आणि उरलं तर स्टिकर. पैसे मध्येच संपले तर तिथेच थांबा. ढगांचे स्टिकर दिवाळीला आणले तरी चालतात, पण पत्रा पांढरा व्हायला हवा तो मार्चच्या आत. आणि एक निर्णय मात्र मुलावर सोडा: त्या एका भिंतीचा रंग. तो कितीही भडक निघाला तरी.