दोन वर्षांची शिदोरी

विद्यापीठांतील चार वर्षांचा खर्च ज्याला झेपत नाहीं, त्यानें समाजशास्त्राचा नाद सोडावा काय? अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें यावर तोड काढली. पहिलीं दोन वर्षें अल्प शुल्काच्या कम्युनिटी कॉलेजांत व पुढचीं दोन विद्यापीठांत, या व्यवस्थेला तेथील १९६० च्या उच्च शिक्षण योजनेनें दृढ स्वरूप दिलें.

परंतु वाटेंत गाडी बदलावयाची, तर पुढची गाडी कोठें जाते हें आधींच पाहिलें पाहिजे. विद्यार्थ्यानें पहिल्याच सत्रांत इच्छित विद्यापीठाच्या अटी पाहून अभ्यासक्रम आंखावा. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोठें मान्य होतो, हें 'असिस्ट' या सार्वजनिक संकेतस्थळावर कळतें. समाजशास्त्र-परिचय, सामाजिक समस्या, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धति हे या वाटेवरचे नेहमींचे विषय होत. सामाजिक न्यायाच्या अभ्यासांत वंशभेद व स्त्रीपुरुषभेद यांचा विचार येतो. कठीण म्हणून संख्याशास्त्र मागें टाकणें मात्र घातक ठरतें.

२०१० च्या कायद्यानें नेमलेले ६० युनिटांचे विषय पुरे करून विशेष असोसिएट पदवी मिळविणाऱ्यास कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठांत प्रवेशाची हमी मिळाली. समान विषयांत आणखी ६० युनिटांत पदवी पुरी होते. मात्र मनपसंत शाखेची हमी त्यांत नाहीं. आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ही निराळी संस्था असून तिच्या अटीही निराळ्या आहेत.

अमान्य ठरलेला एक विषय कधीं कधीं सबंध सत्र खातो. गरीब घराला तें सत्र मजुरीच्या दिवसांनीं भरून द्यावें लागतें.