धार लावण्याची सुवाह्य साधने

चाकू, कोयता, विळा, कुऱ्हाड इ. हातहत्यारांची बोथट झालेली धार कामाच्या जागीच पूर्ववत करण्यासाठी वापरण्यात येणारी, खिशातून वा पिशवीतून सहज नेता येण्याजोगी साधने. लोहाराची भट्टी व शिकलगाराची साण जेथे जवळ नसते, तेथे त्यांचे महत्त्व विशेष असते. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील बांबूतोड हे अशा कामाचे ठळक उदाहरण होय.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनव्याप्त आहे. दोन्ही जिल्ह्यांत मानवेल (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) हा बांबू विपुल आढळतो. बल्लारपूर येथील कागद गिरणीने कच्चा माल म्हणून त्याचा दीर्घकाळ वापर केला, तर बुरूड कारागीर त्यापासून टोपल्या, सुपे व ताटवे विणतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली व २०११ मध्ये मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. यामुळे तोडीची शिस्त हा गावाच्याही उत्पन्नाशी निगडित विषय झाला आहे.

बांबू व धार : बांबूच्या बाह्य सालीत सिलिका असते. तिचे सूक्ष्म कण पोलादी पात्याची कड झिजवितात. त्यामुळे बांबू तोडताना हत्यार लवकर बोथट होते. बोथट हत्याराने मजुराचे श्रम वाढतात व नगावर मिळणारी मजुरी घटते. घाव निसटून इजा होण्याचा संभवही वाढतो. बेटाचे नुकसान याहून दूरगामी असते. बांबू जमिनीपासून सु. १५ ते ४५ सेंमी. उंचीवर, पेराच्या लगत वर, धारदार हत्याराने स्वच्छ तोडावा, असा वनव्यवस्थापनातील नियम आहे. धार नसल्यास खुंट चिरतो, त्यात पाणी साचून कूज व कीड शिरते आणि पुढील कोंब ज्या कंदापासून फुटावयाचे त्याला अपाय पोहोचतो.

तत्त्व : पात्याच्या दोन बाजू जेथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. वापराने ती गोलावते किंवा एका अंगाला वळते. पात्याहून कठीण अशा अपघर्षकाने दोन्ही बाजू घासून ती रेषा पुन्हा साधणे, म्हणजे धार लावणे होय [⟶ अपघर्षके]. धारेचा कोन कामानुसार ठरतो. स्वयंपाकाच्या सुरीला प्रत्येक बाजूस सु. १५° ते २०°, तर घाव सोसणाऱ्या कोयत्याला व कुऱ्हाडीला २५° ते ३०° कोन योग्य ठरतो. कोन लहान ठेवल्यास धार तीक्ष्ण, परंतु नाजूक होते. बांबू उभा फोडताना पाते पाचरीसारखे काम करीत असल्याने जाड धार चालते. पातळ कामट्या काढण्यास मात्र तीक्ष्ण धारच लागते.

प्रकार : (१) निसणा : हा सर्वांत जुना व साधा प्रकार होय. वाळुकाश्मातील क्वॉर्ट्‌झचे कण नैसर्गिक अपघर्षकाचे काम करतात. एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ मध्ये सिलिकॉन कार्बाइड (कार्बोरंडम) तयार केल्यानंतर एकसारख्या कणांचे कृत्रिम दगड प्रचारात आले. हिऱ्याचे कण बसविलेल्या धातूच्या पट्ट्या वजनाला हलक्या असतात. (२) कानस : कुऱ्हाड व कोयता यांसारख्या मऊसर पोलादाच्या हत्यारांना ती उपयुक्त असते. (३) खाचेची साधने : टंगस्टन कार्बाइडाच्या दोन पात्यांमधील खाचेतून सुरी ओढली जाते. काम झटपट होते, परंतु धातू अधिक खरवडला जाऊन धार खरबरीत राहते. (४) बदलत्या कोनाची साधने : यांत पाते चिमट्यात पकडून दगड बसविलेली दांडी निरनिराळ्या छिद्रांतून किंवा सरकत्या आधारावरून फिरवितात. त्यामुळे हाताचा सराव नसतानाही ठरविलेला कोन कायम राहतो. चाकूसारख्या लहान, सरळ पात्यांस ती सोयीची असतात; कोयत्याच्या जाड व वाकड्या पात्यास हातातील निसणाच अधिक उपयोगी पडतो.

रीत : प्रथम जाडसर व नंतर बारीक कणांचा दगड वापरतात. दगड पाण्याने ओला करून मूळ कोन न बदलता एक बाजू घासली म्हणजे विरुद्ध बाजूस केसासारखी कोर बोटाला जाणवते. मग दुसरी बाजू घासून ही कोर हलक्या हाताने काढून टाकतात. कोर धारेच्या संपूर्ण लांबीवर उमटली नसेल, तर तेवढा भाग बोथटच राहतो. कोन नेमका पडतो की नाही हे पाहण्यासाठी कडेवर शाई लावतात; शाई धारेपर्यंत पुसली गेली म्हणजे कोन बरोबर आहे असे समजतात.

निगा : फिरत्या विद्युत् चाकावर पाते तापून निळसर झाल्यास पोलादाचे पाणी उतरते व धार टिकत नाही. धार पूर्ण जाण्याची वाट न पाहता कामाच्या मधल्या विश्रांतीत चार-सहा हात फिरविणे श्रेयस्कर असते. त्यामुळे धातूही कमी झिजतो. काम संपल्यावर पाते पुसून त्यावर तेलाचा हात फिरवावा व ते म्यानात ठेवावे.