दिव्याचं फाटक

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून दिवा स्थानक सुमारे 43 किलोमीटरवर आहे. नकाशात पाहिलं तर जागा मोक्याची. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाला वसईचा आणि पनवेलचा मार्ग इथेच मिळतो. तरीही दिव्यातून बाहेर पडणं हेच तिथल्या माणसाचं रोजचं कष्टाचं काम का, हा प्रश्न घेऊन मी तिथे बऱ्याच खेपा घातल्या.

उत्तराची सुरुवात रेल्वेत नाही, जमिनीत आहे. दातिवली, आगासन, साबे ही मूळची गावं. भोवती भातशेती आणि खाजण. मुंबईत घर न परवडणारे, त्यात कोकणातले पुष्कळ, इथे आले. 1947च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमीन गुंठ्यागुंठ्यानं विकून रीतसर नोंदणी होत नसे. मग व्यवहार नोटरीच्या कागदावर झाले. मंजूर आराखडाच नाही म्हटल्यावर रस्त्यासाठी जागा सोडण्याची सक्तीही कुणावर उरली नाही. प्रत्येक चाळवाल्यानं आपल्या खोल्यांपुरता बोळ ठेवला. शेजारच्या चाळीचा बोळ त्याला मिळेलच असं नाही. शेताच्या बांधाची वाकडी रेघ आज गल्ली होऊन बसली आहे. रिक्षा तोंडाशीच थांबते; आजारी माणसाला तिथवर खुर्चीत बसवून आणावं लागतं. आता रस्ता रुंद करायचा तर कुणाची तरी खोली जाते, आणि भरपाई मागायला त्याच्याकडे धड कागद नसतो.

या गल्ल्यांमधली माणसं शेवटी स्टेशनाकडे येतात, आणि तिथे फाटक आहे. त्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. फाटक लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, अशी यंत्रणेची रचनाच असते. सुरक्षेसाठी ते योग्यच. पण एखादी रिक्षा किंवा टँकर रुळांवर अडकला की फाटक लागत नाही आणि गाड्या खोळंबतात. गाड्यांना वाट द्यावी, तर रुग्णवाहिका फाटकाशी उभी. म्हणजे लोकल उशिरा आली म्हणून चिडणारा आणि फाटक उघडत नाही म्हणून चिडणारा, दोघेही दिवेकरच! यावरचा उपाय म्हणजे उड्डाणपूल, आणि त्याचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं.

2 जानेवारी 2015 रोजी गाड्या रखडल्या आणि साचलेला राग रुळांवर उतरला. रेल रोको झाला, वाहनं जळली. डिसेंबर 2016पासून जलद लोकल दिव्याला थांबू लागल्या. पण त्या कल्याण-डोंबिवलीकडूनच भरून येतात. गाडी थांबणं वेगळं, तिच्यात शिरता येणं वेगळं. म्हणून कितीतरी जण आधी उलट दिशेनं डोंबिवली-कल्याणला जातात आणि तीच गाडी पकडून परत येतात. ज्यांच्याकडे तेवढा वेळ नाही, ते दारात लटकतात. 9 जून 2025 रोजी सकाळी दिवा-मुंब्रा भागात, वळणावर एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चौघांचा जीव गेला.

त्यानंतर चर्चा झाली ती आपोआप बंद होणाऱ्या दारांची. दिवेकरांची मागणी त्याआधीपासूनची आहे, आणि साधी आहे: दिव्यातूनच सुटणारी लोकल. निदान निघताना तरी डबा रिकामा असेल.