बेत मॉरिशसचा

परीक्षा संपल्या, द्राक्षांच्या गाड्या कमी झाल्या आणि कॉलेज रोडवर दुपारी चिटपाखरू दिसेनासं झालं, की नाशिककरांच्या घराघरांत एकच विषय निघतो. यंदा कुठे जायचं? पूर्वी या प्रश्नाला उत्तरं मोजकी होती. महाबळेश्वर, नाहीतर मामाचं गाव. फारच हौस असली तर काश्मीर. आता मुलं विचारतात ते बेटांबद्दल. निळंशार पाणी, पांढरी वाळू, पाण्यावर उभी असलेली लाकडी खोली. आमच्याकडेही हेच झालं. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, थोडे पैसे बाजूला पडले होते आणि घरात तीन पक्ष तयार झाले.

मुलीचा पक्ष मालदीवचा. तिथे १९७२ मध्ये पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ अशी रीतच पडली. शांतता हवी असलेल्या नवदांपत्याला ते स्वर्गासारखं वाटेल. पण बेटावर उतरलं की जेवण, खाण, फिरणं सगळं त्याच रिसॉर्टच्या दराने. शिवाय समुद्र पाहून झाल्यावर पुन्हा समुद्रच. मुलाचा पक्ष अंदमानचा. पासपोर्ट नको, व्हिसा नको आणि नाशिककराला तर तिथे जायला वेगळं कारणच लागत नाही. भगूरच्या सावरकरांना जिथे ठेवलं होतं, ते सेल्युलर जेल एकदा तरी डोळ्यांनी पाहावं, हे त्याचं म्हणणं आम्हाला सगळ्यांना पटत होतं.

तिसरा पक्ष आमच्या सौभाग्यवतींचा, मॉरिशसचा. तिने वहीत आकडेसुद्धा मांडले होते. मुंबईहून थेट विमान, सुमारे सहा तास. भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. फक्त परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. चलनाचं नाव रुपयाच. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. फेब्रुवारी २०२४ पासून आपलं यूपीआयही तिथे सुरू झालं आहे. ‘‘आणि भाजी-पोळी खाणाऱ्याचे हाल होत नाहीत,’’ असं म्हणून तिने वही मिटली.

आई इतका वेळ कोपऱ्यात भाजी निवडत बसली होती. वय शहात्तर, गुडघे कुरकुरतात. या सहलीत ती नाही, हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिनेही. मॉरिशसचं नाव निघालं तशी तिने मान वर केली आणि म्हणाली, ‘‘आमचा जहाजावर गेलेला तिकडेच गेला म्हणत.’’

आईचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. तिच्या पणजोबांचा धाकटा भाऊ घरातून निघून मुंबईला गेला आणि तिथून जहाजावर चढला, एवढीच कथा त्या घरात उरली आहे. परत आला नाही. गेल्याचा निरोपही आला नाही. सर्वपित्री अमावास्येला आजोळच्या घरात एक पान जास्तीचं वाढत, ते ‘जहाजावर गेलेल्याचं’. लहानपणी मी ते पान पाहिलं आहे. ते कोणाचं, हे विचारायची बुद्धी तेव्हा झाली नाही.

त्या रात्री मी पुस्तकं काढून बसलो आणि सहलीच्या बेताला वेगळंच वळण लागलं.

ब्रिटिशांनी मॉरिशसमधली गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपवली. उसाचे मळे तर उभे होते. मग मजूर आणायचे कुठून? हिंदुस्थानातून. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले आणि त्यांच्यामागून पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसं त्या बंदरात आली. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं झालं गिरमिट आणि माणसाचा झाला गिरमिटिया. बहुतेकांची जहाजं कलकत्त्याहून सुटली, काहींची मद्रासहून आणि काहींची आपल्या मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली आणि देशावरची मराठी माणसं होती. पाच वर्षं भरल्यावर काही परतले. बरेचसे राहिले.

ही माणसं जिथे उतरत, ती जागा आजही आहे. पूर्वी तिला कुली घाट म्हणत, आता आप्रवासी घाट म्हणतात. २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं. मूळ इमारतींचा थोडासाच भाग उरला आहे, पण समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या शिल्लक आहेत. आपल्याला घाट नवे नाहीत. रामकुंडाच्या पायऱ्या आपण डोळे मिटून उतरतो. पण त्या पायऱ्या आपण पुण्य जोडायला उतरतो आणि पुन्हा घरी येतो. या सोळा पायऱ्या चढून गेलेल्यांतल्या बहुतेकांना घर पुन्हा दिसलं नाही.

आणखी एक गोष्ट वाचली आणि मला थेट पंचवटी आठवली. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या असतात. कुठल्या गावचा कोण, कोणाचा मुलगा, कधी आला, कुणाच्या अस्थी घेऊन आला, सगळं वहीत. दूरदूरचे लोक येतात आणि आजोबांची सही पाहून रडतात. मॉरिशसलाही अशाच वह्या आहेत. आलेल्या प्रत्येक मजुराला क्रमांक दिला जाई. नाव, बापाचं नाव, गाव, जहाज, अंगावरची खूण, सगळं लिहिलं जाई. पुढच्या काळात फोटोही काढले जात. वह्या लिहिल्या त्या मालकाच्या हिशेबासाठी, पण आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या जपल्या आहेत आणि तिथली माणसं आपलं मूळ गाव त्यांतच शोधतात. हिशेबाच्या वहीची नामावळी झाली.

मग आईच्या त्या पूर्वजाचा शोध लागेल? मुलगी उत्साहाने विचारायला लागली, ‘‘आजी, त्याचं नाव काय?’’ आई म्हणाली, ‘‘नाव कुणाला ठाऊक? जहाजावर गेलेलाच म्हणत.’’ वर्ष नाही, जहाज नाही, नाव नाही. शिवाय कारकुनाने कोकणी नाव इंग्रजीत कसं लिहिलं असेल, देव जाणे. तिथे आडनाव म्हणून बहुधा पूर्वजाचं नावच पुढे चालू राहिलं; म्हणून मराठी घरांची आडनावं ‘बापू’, ‘बाबाजी’ अशी आढळतात. आपली आडनावं शोधायला गेलो तर सापडणार नाहीत. हे मी आईला स्पष्ट सांगितलं. खोटी आशा लावून तिला सहा तास विमानात बसवायचं नव्हतं.

पण जे सापडतं तेही थोडं नाही. त्या मराठी मंडळींनी गणपती टिकवला. १८९६ पासून तिथे गणेशोत्सव होतो असं सांगतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून अजून नाचतात. शाळेत मराठी शिकता येतं. घरात मात्र बहुतेकांची बोली क्रिओल झाली आहे. मराठी उरली ती आरतीत, सणात, शाळेच्या पुस्तकात. १९८९ साली मुंबईला पहिली जागतिक मराठी परिषद भरली, तेव्हा अध्यक्ष होते आपले तात्यासाहेब, कुसुमाग्रज. त्यानंतरची परिषद १९९१ मध्ये भरली ती मॉरिशसला. २०२३ मध्ये तिथे शिवछत्रपतींचा पुतळाही उभा राहिला. भाषा हातातून निसटत असताना माणसं काय काय धरून ठेवतात! आणि आपण इथे नाशकात मुलांना ‘पन्नास’पुढचे आकडे मराठीत विचारायला घाबरतो.

आता बेताविषयी, कारण तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल तर उपयोगी पडेल. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे ऋतू उलटे. आपण मे महिन्यात भाजतो तेव्हा तिथे थंडी सुरू होत असते. जून ते सप्टेंबर हवा गार. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि त्यातही जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस, ते टाळावेत. बेटाभोवती प्रवाळाची भिंत असल्याने बहुतेक किनाऱ्यांवर पाणी शांत असतं, मुलं आणि म्हातारी माणसं निर्धास्त उतरतात. दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ ती भिंत तुटते, तिथे समुद्र फक्त पाहायचा. महागड्या रिसॉर्टातच राहिलं पाहिजे असं नाही. सार्वजनिक किनारे पुष्कळ आहेत आणि रविवारी तिथली कुटुंबं डबे घेऊन येतात. रस्त्यावर डाळपुरी मिळते. ती आपल्या पुरणपोळीची बिनगोडाची बहीणच, वर भाजी आणि चटणी. गंगातलावावर शंकराची एकशे आठ फुटी मूर्ती आहे; त्र्यंबकेश्वरच्या शेजाऱ्यांना तिथे परकं वाटू नये.

आम्ही दिवाळीची सुटी धरली आहे. गणपतीत जावं असं आधी वाटलं होतं, पण घरचा गणपती कुलूप लावून कसा सोडायचा? २ नोव्हेंबर तिथे सार्वजनिक सुटीचा, मजुरांच्या आगमनाच्या स्मरणाचा दिवस. भाऊबीज आधी आली तर तो गाठायचा. आठ दिवसांचे सहा केले, समुद्रासमोरची खोली सोडली आणि त्या पैशांत आईचं तिकीट बसवलं. विमानतळावर तिला चाकाची खुर्ची मिळेल. मुलगी थोडी खट्टू झाली, पण पोहायला समुद्र तोच आहे, हे तिला कळलं. अंदमान पुढच्या खेपेला, असा मुलाशी तह झाला.

आईची तयारी सुरू आहे. तिने दोन दिवाळी अंक बाजूला काढून ठेवायला सांगितलेत. तिथे कुणी मराठी वाचणारं भेटलं तर द्यायला. परवा मी तिला पुन्हा आठवण करून दिली, की आपल्याला त्याचं नाव सापडणार नाही. ती म्हणाली, ‘‘नको सापडू दे. त्या पायऱ्यांवर क्षणभर बसू देतील ना?’’ मग थोड्या वेळाने, ‘‘किती म्हणालास, सोळा ना? दुखले गुडघे तरी चढेन.’’