पेठेतील व्यापार, इंटरनेट आणि उत्पादकता

१९३९ मध्ये जबलपूरनजीक त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. त्या अधिवेशनाची स्मृती जपणारे कमानिया गेट जबलपूरच्या जुन्या व्यापारपेठेत उभे आहे. सराफा आणि कापड यांच्या व्यापाराचा हा गजबजलेला परिसर. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूर व नागपूर ही शहरे एकाच राज्यात होती. नागपूरची इतवारी किंवा पुण्याची रविवार पेठ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अशा पेठेच्या अडचणी नव्याने सांगावयास नकोत. दुकानाची जागा वाढविता येत नाही, माल साठविण्यास वाव नाही आणि ग्राहकाला तर आता घरबसल्या माल मागविता येतो. अशा स्थितीत आहे त्याच जागेतून, भांडवलातून व मनुष्यबळातून अधिक काम साधणे, म्हणजेच उत्पादकता वाढविणे, हाच लहान व्यापाऱ्यापुढील मार्ग होय.

अडकलेले भांडवल

दुकानातील उत्पादकतेचे एक साधे माप म्हणजे मालाची उलाढाल. उदाहरणादाखल, एखादा कापड दुकानदार वर्षाला १२ लाख रुपये खरेदी किमतीचा माल विकतो आणि सरासरी ४ लाखांचा साठा बाळगतो, असे मानू. त्याचा साठा वर्षातून तीनदा फिरतो. कोणता माल संपत आला व कोणता पडून आहे याची नोंद रोजच्या रोज मिळाली आणि सुरतच्या घाऊक व्यापाऱ्याकडे थोडा थोडा माल वेळेवर मागविता आला, तर ३ लाखांच्या साठ्यावरही तेवढीच विक्री होऊ शकते. साठा चारदा फिरतो, एक लाख रुपये मोकळे होतात आणि १२ टक्के दराने वर्षाचे १२ हजार रुपये व्याज वाचते. येथे इंटरनेटने विक्री वाढविलेली नाही. माहिती वेळेवर पोहोचविली, एवढेच.

एकदा नोंद, अनेकदा उपयोग

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विवरणपत्रे ऑनलाइन भरणे नोंदणीकृत व्यापाऱ्यांना अनिवार्य झाले. ५० हजार रुपयांहून अधिक मूल्याच्या मालाच्या वाहतुकीसाठी सर्वसाधारणपणे ई-वे बिल लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे क्यूआर कोडद्वारे रक्कम थेट बँक खात्यात जमा होऊ लागली. सराफा व्यवसायात १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क केलेल्या सोन्याच्या दागिन्यांवर अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा ओळखक्रमांक आवश्यक झाला. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तो ग्राहकास स्वतः पडताळता येतो.

या साऱ्या व्यवस्था अनेक व्यापाऱ्यांना केवळ जास्तीचे काम वाटतात. बिल हाताने लिहावयाचे, ते रात्री वहीत उतरवावयाचे आणि महिनाअखेरीस करसल्लागाराने पुन्हा संगणकात भरावयाचे, अशी पद्धत असेल तर ही तक्रार रास्तच आहे. परंतु विक्रीच्या वेळी केलेली एकच नोंद बिल, साठा, उधारी व करविवरण या चारही ठिकाणी आपोआप पोहोचली, तर तेच बंधन सोयीचे ठरते. चुका कमी होतात आणि मालकाचा वेळ ग्राहकासाठी उरतो.

विजेचा धडा

कारखान्यांत वीज आली तेव्हाही असाच अनुभव आला होता. अमेरिकेतील अनेक कारखानदारांनी प्रथम वाफेच्या इंजिनाच्या जागी एक मोठी विद्युत मोटार बसविली. जुने दांडे व पट्टे मात्र तसेच ठेवले. लाभ बेताचाच झाला. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार मिळाली आणि कामाच्या क्रमानुसार यंत्रांची मांडणी बदलली, तेव्हा १९२० च्या दशकात उत्पादकता झपाट्याने वाढली. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये संगणकाच्या संदर्भात हाच दाखला दिला होता.

मध्य प्रदेशातही याचे उदाहरण सापडते. आयटीसी कंपनीने २००० मध्ये सोयाबीन उत्पादकांसाठी ‘ई-चौपाल’ सुरू केले. गावातील संगणकावर शेतकऱ्यास भाव आधीच कळू लागला. मात्र भाव कळणे एवढ्यावर हा उपक्रम थांबला नाही. माल थेट कंपनीच्या केंद्रावर नेऊन तेथे वजन व पैसे मिळण्याची सोय झाली, म्हणजे खरेदीची पद्धतच बदलली.

मर्यादा आणि दिशा

इंटरनेटबरोबर नवे धोकेही येतात. बनावट पावती दाखवून फसवणूक होते. म्हणून रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री करूनच माल द्यावा. यूपीआय पिन पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे दुकानातील प्रत्येक नोकरास ठाऊक हवे. हिशेबाची प्रत दुसरीकडे सुरक्षित ठेवणेही अगत्याचे आहे. ज्या दुकानदारास हे तंत्र अवगत नाही, त्याला ते शिकविण्याची जबाबदारी व्यापारी संघटना, बँका व शासन यांनी वाटून घेतली पाहिजे.

ग्राहकाची आवड ओळखणे, कापड हातात घेऊन पारखणे आणि शब्दावर उधार देणे ही जुन्या पेठेची बलस्थाने आहेत. ती कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. मात्र वहीतील आकडेमोडीत जाणारे तास इंटरनेट परत मिळवून देऊ शकते. ते तास या बलस्थानांसाठी वापरले गेले, तरच मोबाइल व संगणकावरील खर्च सार्थकी लागेल.