नळी की मास्क? रक्तदाबाच्या रुग्णांसाठी थोडेसे

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सुप्यातील आपली माणसे अहिल्यानगर किंवा पुणे गाठतात. अहिल्यानगरला जैन सोशल फेडरेशनचे आनंदऋषीजी हॉस्पिटल आहेच. शस्त्रक्रिया कोण करणार, याची घरोघर चौकशी होते. भूल कशी देणार, हे क्वचितच विचारले जाते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णासाठी हा प्रश्न लहान नाही.

पूर्ण भूल दिल्यावर श्वासाचा मार्ग मोकळा राखावा लागतो. त्यासाठी अनेकदा स्वरयंत्रातून श्वासनलिकेत नळी घालतात. जीभ उचलून धरणाऱ्या उपकरणाचा दाब आणि नळीचा स्पर्श यांमुळे रुग्ण निद्रिस्त असला तरी शरीर सावध होते. ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात उतरतात, नाडी व रक्तदाब एकाएकी वाढतात. निरोगी माणसात ही लाट काही मिनिटांत ओसरते. धमन्या कडक झालेल्या रुग्णात ती अधिक उसळते आणि हृदय व मेंदू यांवर ताण पडतो.

१९८१ मध्ये लंडनचे डॉ. आर्ची ब्रेन यांनी निराळे साधन योजले. लॅरिन्जियल मास्क हे त्याचे नाव. तो श्वासनलिकेत शिरत नाही, स्वरयंत्राच्या मुखावर बसतो. त्यामुळे रक्तदाब सहसा नळीइतका चढत नाही. मात्र पोट रिकामे नसेल, तर जठरातील अन्न फुफ्फुसात जाण्याचे भय असते; तेथे नळीच हितकर. अशा वेळी भूलतज्ज्ञ आधी औषधे देऊन ही उसळी आवरतात.

निवड भूलतज्ज्ञांची, खरी माहिती देणे हे आपले कर्तव्य. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, काही मात्र त्या दिवशी थांबवतात. म्हणून प्रत्येक गोळीविषयी विचारावे. नवकारसीपूर्वी, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत, पाणीही न घेणाऱ्यांची गोळी येथेच राहून जाते. ब्रिटनमधील २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक असल्यास नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. दीर्घ तपस्येनंतर शरीरातील पाणी घटलेले असते, तेव्हा भुलीमुळे रक्तदाब घसरूही शकतो.

यास्तव शस्त्रक्रियेची वेळ ठरतानाच आपले नियम व उपवास डॉक्टरांना सांगावेत. प्रत्याख्यानातही आगार असतात. आपल्या प्रसंगी कोणता लागू, हे गुरुभगवंतांना आधीच विचारावे. देह सांभाळला, तरच त्याच्याकडून साधना होते.