महाकाव्यांचे नायक : ग्रंथातले आणि लोकमनातले

विंचूर (जि. नाशिक) : येथून जवळच, निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर येथे गोदाकाठी मृगव्याधेश्वराचे मंदिर आहे. कांचनमृगाचे रूप घेतलेल्या मारीचाला प्रभू रामचंद्रांनी येथेच बाण मारला, अशी परिसरातील श्रद्धा आहे. पंचवटी नाशिकला मानली की मृगामागे धावणारा राम गोदाकाठानेच जाणार! लोककथा महाकाव्यातील नायकाला अशी आपल्या शिवारात आणून वसवते.

मात्र ही भर केवळ स्थळांपुरती राहत नाही. मारीचवधाच्या कथेतील लक्ष्मणरेषा सर्वपरिचित असली, तरी वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती नाही. तेथे सीतेच्या कठोर शब्दांनी व्यथित झालेला लक्ष्मण रामाच्या शोधात निघतो आणि संन्याशाच्या वेशातील रावणाचे सीता अतिथी म्हणून स्वागत करते. नंतर आलेल्या रेषेने लक्ष्मणाला दक्ष रक्षक ठरवले. पण अपहरणाचा दोष रेषा ओलांडणाऱ्या सीतेकडे सरकवला.

कर्णाच्या बाबतीतही असेच घडले. शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) आणि रणजित देसाई यांची 'राधेय' (१९७३) या कादंबऱ्यांनी मराठी वाचकाच्या मनात उपेक्षित, दानशूर कर्ण कायमचा कोरला. 'सूतपुत्राला वरणार नाही' हा द्रौपदीचा स्वयंवरातील नकार १९८८ ते १९९० या काळातील दूरदर्शन मालिकेमुळे घरोघरी पोहोचला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. बाराशेहून अधिक हस्तलिखिते पडताळून सिद्ध झालेल्या या आवृत्तीच्या मुख्य संहितेत तो नकार नाही. द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना करणारे कर्णाचे शब्द मात्र आहेत. नकाराचा प्रसंग जोडला की ते शब्द अपमानाचा सूड वाटू लागतात आणि चाहत्यांचा नायक निष्कलंक राहतो.

लोकपरंपरा नेहमीच स्त्रीवर दोष ठेवते, असेही नाही. शाहीर विठ्ठल उमप यांनी रंगभूमीवर गाजवलेल्या 'जांभूळ आख्यान'मध्ये द्रौपदीला कर्णाविषयी वाटणारी ओढ निर्भयपणे व्यक्त होते.

तेव्हा भर घालणे हा अपराध नव्हे; त्यामुळेच महाकाव्ये जिवंत राहिली. मात्र जोडलेल्या प्रसंगाचा आधार घेऊन सीता वा द्रौपदी यांना दोषी ठरवण्यापूर्वी, तो प्रसंग ग्रंथातला की चाहत्यांच्या मनातला, एवढे तरी पाहायला हवे.